लुबान आली होती आपल्या दारी

मैत्रिणींनो, नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेलं देवमाशाचं पिल्लू आठवतं ना? माणसांनी रात्रंदिवस खपून त्याला समुद्रात सोडलं, तरी ते जगलं नाही. त्या आठवड्यात आमच्या बचत गटात दुसरा विषयच नव्हता. "ताई, याची आय खंय असेल हो?" मासळी विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं. मी पडले आर्ट्‌सवाली, काय सांगणार? पण प्रश्न काही मनातून जाईना. मिळेल ते वाचत गेले आणि त्यात लुबान भेटली.

लुबान ही हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी. लुबान म्हणजे अरबीत धुपाचा सुगंधी डिंक. आपला 'लोबान' त्याच्याच नात्यातला! नोव्हेंबर 2017 मध्ये ओमानच्या समुद्रात संशोधकांनी तिच्या पाठीवर एक छोटं यंत्र बसवलं. ती श्वास घ्यायला वर आली, की यंत्र उपग्रहाकडे संदेश धाडायचं आणि तिचा ठावठिकाणा कळायचा. डिसेंबरात बाईसाहेब निघाल्या त्या थेट समुद्र ओलांडून, सुमारे दीड हजार किलोमीटर पोहत गोव्याजवळ आल्या! तिथून खाली कन्याकुमारीपर्यंत.

याचं एवढं कौतुक कशाला? तर इतर हंपबॅक थंड समुद्रांकडे जातात-येतात, हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी इथे 242 हंपबॅक मारले. आता ओमानच्या बाजूला शंभरही उरले नसावेत, असा अंदाज आहे. त्यांची वाट कळली, तर जहाजं आणि जाळी त्यांना कुठे आडवी येतात तेही कळतं. आणि एकट्या ओमानने जपून भागणार नाही, हे लुबाननेच दाखवलं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "खरं हो ताई. पण त्याला सोडवायला जाळं कापलं, तर माझी चूल कशी पेटायची?"

मी गप्पच झाले. जाळं म्हणजे त्या घराचं वर्षाचं पोट. मग चौकशी केली. संरक्षित जलचर सोडवताना जाळं कापावं लागलं, तर 25 हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने 2018 मध्ये आणली. पुराव्याला फोटो किंवा व्हिडिओ हवा. आमच्यातल्या निम्म्या जणींना हे ठाऊकच नव्हतं!

परवा मावशी भेटल्या. म्हणाल्या, "मुलाला सांगून ठेवलंय, होडीवर जाताना मोबाईल चार्ज करून ने."