ओली घासणी
शांती नगरच्या जुन्या इमारतींत न्हाणीघर हातभर, आणि वाऱ्याला डक्टकडची एक झडपांची खिडकी. पावसाळ्यात तिथे टांगलेली अंगघासणी वाळतच नाही. नायलॉनची असो की वाळलेल्या घोसाळ्याची, जाळीत अडकलेला मळ आणि ओल यांवर जंतू पोसतात. घोसाळ्याच्या अशाच जाळीतून स्यूडोमोनास जंतू अंगावर जाऊन पुरळ उठल्याची नोंद १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आहे.

तेव्हा वापरल्यावर खळखळून धुवा, पिळा, झटका आणि ग्रिलमधल्या दोरीवर टांगा. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडं ब्लीच घालून पाच मिनिटं बुडवा, मग स्वच्छ धुवा. घोसाळ्याची जाळी महिन्याभरात बदलावी, नायलॉनची दोनेक महिन्यांत. कुबट वास आला तर लगेच. आणि घरभर मिळून एकच घासणी? ती काटकसर नव्हे.