संरक्षक लेप आणि संग्रहाचें मोल

नवी वस्तु घरीं आणली कीं तिच्यावरील पातळ पारदर्शक पापुद्रा काढावा कीं ठेवावा, हा प्रश्न, श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांना पडतो. अमेरिकेंतील खेळाडूंच्या चित्रकार्डांच्या संग्राहकांत हाच प्रश्न मोठ्या वादाचा होऊन बसला आहे. कारण तेथें चुकीचें उत्तर पैशांनीं भरून द्यावें लागतें.

हीं कार्डें पूर्वीं सिगारेटच्या पाकिटांतून व पुढें च्युइंगमबरोबर मिळत. टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं काढलेलें मिकी मँटल या बेसबॉलपटूचें एक कार्ड २०२२ सालीं लिलावांत १ कोटि २६ लक्ष डॉलरला गेलें. तेंच कार्ड कोपरे झिजलेलें असेल तर या रकमेचा अगदीं अल्प अंश मिळतो. म्हणजे मोल केवळ चित्राचें नाहीं, त्याच्या स्थितीचेंहि आहे.

याच कंपनीनें १९९३ सालीं ‘फाइनेस्ट’ नांवाचीं चकचकीत कार्डें काढलीं. ओरखड्यांपासून रक्षण व्हावें म्हणून १९९४ सालीं त्यांच्या दर्शनी बाजूवर सोलून काढतां येईल असा पापुद्रा बसविण्यांत आला, आणि तेथेंच वादाला तोंड फुटलें. एक पक्ष म्हणतो, पापुद्रा शाबूत असेल तरच कार्ड कारखान्यांतून निघालें तसें राहिलें. दुसरा म्हणतो, त्याखालीं रंगांचें तेज झांकून जातें. मग पाहावयाचें काय? शिवाय सोलतांना कोपरा दुमडला तर तो पूर्ववत् होत नाहीं. परीक्षण करणाऱ्या संस्था दोन्ही प्रकारचीं कार्डें तपासून १० पैकीं श्रेणी देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कठीण पेटींत बंद करतात. म्हणून काय तो निर्णय त्यापूर्वींच करावा लागतो.

पण एका बाबतींत मतभेद नाहीं. मालकानें मागाहून कार्डावर रोगण चढविलें किंवा तें प्लॅस्टिकमध्यें कायमचें चिकटवून टाकलें, तर तो फेरफार ठरतो आणि किंमत कोसळते. उलट १९८४ पासून कांहीं वर्षें टॉप्सनें थोड्याच प्रतींत काढलेले ‘टिफनी’ नांवाचे झिलईदार संच साध्या संचांहून अधिक मोलाचे मानले जातात. तेथें झिलई मूळचीच आहे, आणि प्रती विरळ आहेत.

तेव्हां लेप चांगला कीं वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणीं आणि केव्हां दिला, हें आधीं विचारावें. आणि रक्षणच करावयाचें असेल, तर जें केव्हांहि काढून घेतां येईल अशा सैल वेष्टनांतच कार्ड ठेवावें.