ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचे शून्य

मुंबईहून दिल्लीकडे जाणारी गाडी भोपाळ आणि झाशी मागे टाकते. त्यानंतर काही वेळाने एक लांबलचक, सपाट माथ्याचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या कडेने तटबंदी आहे. हाच ग्वाल्हेरचा किल्ला. हा डोंगर सुमारे १०० मीटर उंच आणि जवळजवळ ३ किलोमीटर लांब आहे. रायगड किंवा राजगड आपण रानात चढून पाहतो. इथे मात्र डोंगराच्या चहूबाजूंनी शहर पसरले आहे. माथ्यावरही महाल, देवळे, तलाव, गुरुद्वारा, एवढेच काय, एक शाळाही आहे.

वर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने मोटारी जातात. पूर्वेची वाट पायी चढायची आहे. दम लागेल, तरी तुम्ही पूर्वेच्याच वाटेने जा. त्याला कारण आहे.

या चढावर चतुर्भुज मंदिर नावाचे एक लहानसे देऊळ लागते. ते दगडावर दगड रचून बांधलेले नाही, एकाच खडकातून कोरून काढलेले आहे. वरचा महाल पाहण्याच्या घाईत पुष्कळ प्रवासी त्याच्यासमोरून निघून जातात. तुम्ही थांबा. दाराला कुलूप असेल, तर तिथल्या रखवालदाराला विचारा.

आत भिंतीवर इ.स. ८७६ चा एक शिलालेख आहे. त्यात कुठल्या लढाईचे वर्णन नाही. देवाला रोज फुले मिळावीत म्हणून बागेसाठी जमीन दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद आहे, आणि रोज ५० हार द्यावेत, अशा साध्या गोष्टी त्यात लिहिल्या आहेत. आता २७० आणि ५० हे आकडे नीट पाहा. ७ च्या पुढे आणि ५ च्या पुढे एक छोटे वर्तुळ कोरलेले दिसेल. ते शून्य आहे! भारतात दगडावर कोरलेल्या अगदी जुन्या शून्यांपैकी हे एक आहे.

शून्य नसते तर २७ आणि २७० यांतला फरक कसा दाखवला असता? रिकाम्या जागेसाठीही एक खूण लागते. अकराशे वर्षांपूर्वी बागेचे माप लिहिताना ही खूण सहज वापरली गेली. म्हणजे ती तेव्हा रोजच्या हिशेबात रुळली होती.

उर्दूत तुम्ही शून्याला ‘सिफर’ म्हणता. हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘रिकामे’. संस्कृत ‘शून्य’ या शब्दाचा अर्थही रिकामे असाच आहे. भारतीय अंक बगदादला पोहोचले, तेव्हा तिथल्या विद्वानांनी अंक घेतले आणि शून्याचे नाव अर्थासह आपल्या भाषेत आणले. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. पुढे हेच अंक युरोपात गेले.

आता वर चला. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या मानमंदिर महालाच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरश्या बसवलेल्या आहेत. त्यांत बदकांची एक रांग आहे, ती शोधून पाहा. माथ्यावरच्या ‘सास-बहू’ मंदिराच्या नावाला हसू नका. ‘सहस्रबाहू’ या नावाचे लोकांच्या तोंडी असे रूप झाले, असे मानतात. त्यावरचा लेख १०९३ सालचा आहे. तेली मंदिर किल्ल्यातली सर्वांत उंच इमारत आहे. त्याचे शिखर इतर देवळांसारखे निमुळते होत जात नाही; वर लांबट, गोलाकार छत आहे.

उरवाई बाजूच्या कड्यात पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. सर्वांत मोठी सुमारे १७ मीटर उंच आहे. १५२८ मध्ये बाबर इथे आला होता. मानसिंहाच्या महालाची त्याने स्तुती केली, आणि या मूर्ती मोडण्याचा हुकूम आपण दिला, हेही त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे जैन लोकांनी चुन्याच्या गिलाव्याने अनेक मूर्तींचे चेहरे पुन्हा घडवले. आज मात्र जुन्या भिंतींचे नुकसान आपल्यातलेच काही लोक करतात. खिळ्याने आपले नाव कोरतात! एक ओरखडा अशा लेखाच्या अंकावरून गेला, तर तो अंक पुन्हा मिळणार नाही.

खाली उतरल्यावर शहरात सूफी संत मुहम्मद गौस यांची कबर पाहा. तिच्या दगडी जाळ्या अतिशय नाजूक आहेत. शेजारीच तानसेनाची साधी कबर आहे. जवळ चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चघळली की गळा गोड होतो, असे गवई मानत आले. पाने कडू लागतात की आंबट, हे तिथे गेलात तर विचारून या; तोडू मात्र नका.