ऐकीव ज्ञानाचे अर्थकारण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच अर्थशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. रंगारी म्हणजे कापड रंगविणारा कारागीर. नीळ, मंजिष्ठा, हिरडा, तुरटी ही त्याची सामग्री बाजारात कोणालाही मिळे; परंतु सूत हिरड्याच्या पाण्यात किती वेळ ठेवावयाचे, तुरटी किती घालावयाची आणि रंग पक्का बसला हे कशावरून ओळखावयाचे, हे अशा कारागिरांच्या घरी बाप मुलालाच सांगे. ते त्याचे भांडवल होते आणि भांडवल कोणी चव्हाट्यावर मांडीत नाही.

याच्या अगदी उलट जातीचे ज्ञान खेड्यातल्या पारावर रोज संध्याकाळी फुकट वाटले जात आले आहे. कोणत्या विहिरीचे पाणी चैत्रापर्यंत टिकते, कोणता व्यापारी मापात मारतो, व्यालेल्या म्हशीला काय चारावे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसिलीत कोणत्या टेबलापुढे उभे राहावे, अशा शेकडो गोष्टी कोणत्याही पुस्तकात नसतात आणि कोणीही त्यांचे मोल मागत नाही. त्यांच्या जोडीला सरकारविषयीची मते असतात, निवडणुकीचे अंदाज असतात आणि कशाच्याही उपयोगी न पडणारी पुष्कळशी गमतीची माहितीही असते. विद्वानांनी या साऱ्याला ‘गप्पा’ म्हणून बाजूस सारले. फ्रीडरिश हायेक या अर्थशास्त्रज्ञाने मात्र १९४५ साली लिहिलेल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले की, समाजाचे आर्थिक व्यवहार ज्या ज्ञानावर चालतात त्यातले फार मोठे ज्ञान शास्त्रीय नियमांचे नसून विशिष्ट स्थळाचे आणि विशिष्ट वेळेचे असते. ते एका ठिकाणी गोळा झालेले नसते, तर असंख्य माणसांजवळ तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते. हायेकचा निष्कर्ष बाजारातील किंमतींच्या बाजूने होता आणि तो सर्वांनी मान्य करावा असे नाही. परंतु पारावरच्या माणसाची इतकी बूज आजवर फार थोड्या अर्थशास्त्रज्ञांनी राखली आहे.

हे ज्ञान फुकट असले तरी बेजबाबदार नव्हते. म्हशीला सांगितलेले औषध लागू पडले नाही, तर सांगणारा दुसऱ्या दिवशी त्याच पारावर सापडत असे. कोणाचा शब्द किती टक्के धरावयाचा हे गावाला पाठ असे. एकाने सांगितलेला पावसाचा अंदाज लोक हसण्यावारी नेत, तर दुसऱ्याने बियाण्याबद्दल काढलेला एक शब्द पुरेसा होई. म्हणजे पैसा हाती येत नसला तरी पत वाढत होती किंवा घटत होती. आणि पतीच्या भीतीने माणूस बोलण्यापूर्वी थोडा विचार करीत होता. ठाऊक नसेल तर ‘त्यातले आपल्याला कळत नाही’ असे म्हणण्यातही एक प्रतिष्ठा होती.

अर्थात या पाराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तो सर्वांचा कधीच नव्हता. स्त्रियांना तेथे बसण्याची सोय नव्हती आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांना तर नव्हतीच नव्हती. वास्तविक बियाणे निवडून राखेत घालून ठेवणारी, निंदणी-खुरपणीच्या वेळी पिकावरचा रोग आधी पाहणारी बाईच असे. तिचे ज्ञान पाणवठ्यावर आणि जात्यापाशी फिरे. ते पारापर्यंत पोचलेच तर नवऱ्याच्या नावाने पोचे. त्यामुळे जुनी व्यवस्था मोडली म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. तिच्यातले काय मोडले आणि काय राखावयास हवे होते, एवढाच प्रश्न आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ही कीड मूळची अमेरिका खंडाची. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथे भारतात तिची पहिली नोंद झाली. मादी शंभर-दोनशे अंड्यांचे पुंजके घालते आणि पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो. २०१९ च्या खरिपात तिने मराठवाड्यातील मक्याचे पोंगे पोखरले. कन्नड आणि सिल्लोड हा तर मक्याचाच मुलूख. येथे पारावरच्या अनुभवी म्हाताऱ्याची पंचाईत झाली. त्याने ही अळी जन्मात पाहिली नव्हती. वाडवडिलांकडून आलेले शहाणपण तिच्यापुढे निरुत्तर होते.

अशा वेळी दूरच्या माणसाचे ज्ञान लागते आणि ते मोबाईलवरून आले. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके, पोंग्यात भुशासारखी विष्ठा, ही लक्षणे छायाचित्रासह एका गावाहून दुसऱ्या गावी पोचू शकली. कामगंध सापळे लावा, अंड्यांचे पुंजके हाताने गोळा करून नष्ट करा, हे सल्लेही पोचले. पोंग्यात माती किंवा वाळू टाकण्याचा उपाय तर मध्य अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांनी स्वतःच्या अनुभवाने शोधलेला आणि अन्न व कृषी संघटनेने त्यांच्याकडून ऐकून नोंदविलेला आहे. तिकडच्या पारावरचे ज्ञान इकडच्या बांधावर आले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पण ज्या वाटेने हे आले त्याच वाटेने दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याचे ‘हमखास’ नुस्खेही येऊ शकतात. त्यांची किंमत काय पडते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत भोगले आहे. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्यात दगावले. आणि निरनिराळी कीटकनाशके एकत्र मिसळून, संरक्षक साधनांवाचून केलेली फवारणी हे त्याचे एक कारण असल्याचे पुढे आले.

दोष यंत्राचा आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल येताच मासळीबाजारात काय घडले ते मोजून ठेवले आहे. पूर्वी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागे, तर जवळच्याच दुसऱ्या बंदरात ती मिळत नसे. कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि बंदराबंदरांतली तफावत बहुतांशी नाहीशी झाली. मासळी वाया जाईनाशी झाली, कोळ्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त मिळू लागली. मात्र तेथे भाव सांगणारा हा बहुधा माल घेणाराच व्यापारी होता. खोटा भाव सांगितला तर उद्या होडी त्याच्या धक्क्याला लागणार नव्हती. फोन नवा होता, पण शब्दामागची पत जुनीच होती.

पुढे ढकललेल्या संदेशात नेमकी हीच पत गळून पडते. पाठविणारा म्हणतो, ‘आले तसे पाठविले’. या तीन शब्दांत जबाबदारीचे सारे ओझे उतरते; कारण ज्याच्याकडून आले त्यानेही तसेच म्हटलेले असते. वस्तू निर्माण करण्यास खर्च नाही, वाटण्यास खर्च नाही आणि ती खोटी निघाल्यास तोटा सोसण्यास कोणी धनी नाही, अशा बाजारात काय होईल हे सांगण्यास पदवीची गरज नाही. खोटे नाणे खऱ्याला व्यवहारातून हुसकावून लावते, हा नियम ग्रेशमच्या नावाने प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. खरी माहिती सावकाश, अटी-शर्तींसह, ‘बहुधा’ आणि ‘पाहून सांगतो’ असे म्हणत येते. खोटी माहिती धडधडीत येते.

२०१८ मध्ये या खोट्या नाण्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकविली गेली. शेजारच्याच वैजापूर तालुक्यातील चांदगाव येथे, दरोडेखोर फिरत असल्याच्या अफवांच्या दिवसांत, जून महिन्यात जमावाने दोघांना ठार केले. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळविणारे समजून पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे लोक होते. एके काळी अशीच भटकी माणसे एका मुलखाची खबर दुसऱ्या मुलखात नेत असत. बातमी पायी चालत येई तेव्हा ती आणणाऱ्याचा चेहरा गावाला दिसे.

त्यानंतर व्हॉट्सअॅप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. यामुळे वेग कमी होतो, पण सांगणारा कोण हे कळत नाही. न्यायालयाकडे बोट दाखविण्यातही अर्थ नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, गटातील एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून गट चालविणाऱ्यास, त्याचा त्यात हात असल्याचे दिसल्याशिवाय, गुन्हेगार ठरविता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु मग गटाचा संपादक कोणीच उरत नाही.

मराठी वृत्तपत्रांनी हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या परीने सोडविला होता. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने. त्या पत्रांत कडक मते होती आणि सर्वसामान्यांना उपयोगी अशी माहितीही होती. वाचकापुढे खरे नाव नसले तरी पत्र छापण्याची जबाबदारी घेणारा संपादक समोर होता. पुढे पत्रव्यवहाराच्या सदरासाठी ‘नाव प्रसिद्ध करू नये, पण कळवावे’ असा जो शिरस्ता रूढ झाला, त्यातले तत्त्व हेच.

देवगाव रंगारीसारख्या गावात आज हे काम कोणाकडे येते? संदेश खरा की खोटा हे विचारण्यास माणसे अजूनही शाळेतल्या गुरुजींकडे, ग्रामपंचायतीतल्या लिपिकाकडे आणि शहरात कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडे जातात. पंचाईत अशी की, ‘आले तसे’ पुढे ढकलणाऱ्यांतही हीच मंडळी असतात आणि त्यांच्या नावाने गेलेला संदेश त्यांच्या पतीवर खपतो. पिकाचा सल्ला आला तर तो परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आहे की दुकानदाराचा, कोणत्या वर्षीचा आहे, कोणी स्वतःच्या शेतात करून पाहिला आहे काय, एवढी विचारपूस करण्यास पाच मिनिटे पुरतात. २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरला त्याच मोबाईलवरून विचारता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. शाळेच्या भिंतीवरचा फळा बहुतेक गावांत अजून शाबूत आहे. त्यावर सुविचाराऐवजी आठवड्यातून एकदा गावात फिरणारी एक बातमी, तिची शहानिशा आणि खाली ती करणाऱ्याचे नाव लिहिले, तर खडूखेरीज काही खर्च होणार नाही. खाली नाव लिहावयाचे म्हटल्यावर किती जण पुढे येतील, हे मात्र पहिल्याच आठवड्यात दिसेल.