वेबसाइट बाहेरून करून घेताना

आउटसोर्सिंग: काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवणे. ऑफशोअरिंग: काम परदेशी हलवणे, मग ते स्वतःच्याच शाखेत का होईना.

कोड कोणाचा? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीचा. बाहेरच्या डेव्हलपरचा कोड मात्र सहसा त्याचाच. बिल चुकते करून भागत नाही, कलम १९ नुसार सहीचे लेखी हस्तांतर लागते. त्यात मुदत लिहायची राहिली, तर ती ५ वर्षेच धरली जाते; हद्द राहिली, तर भारतापुरती.

कराराचे प्रकार: ठरावीक रक्कम किंवा तासांप्रमाणे बिल.

बाहेरून करून घेतलेल्या साइटचे फसलेले उदाहरण, हेल्थकेअर डॉट गव्ह: अमेरिकी सरकारची आरोग्यविमा साइट, अनेक कंत्राटदारांनी बांधलेली. सुरुवात १ ऑक्टोबर २०१३. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेले, अवघे ६ जण.