मोतीबिंदू शस्त्रकर्मानंतरचे दृष्टिमांद्य : आधी कालावधी, मग औषध

टोकावडे परिसरातील रुग्णास नेत्रशल्यचिकित्सक गाठण्यासाठी बहुधा कल्याण-उल्हासनगरपर्यंत जावे लागते. त्यामुळे ‘ऑपरेशन झाले, तरी दिसत नाही’ ही तक्रार प्रथम आम्हा वैद्यांकडे किंवा औषधी दुकानात येते. अशा वेळी थेंब देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : शस्त्रकर्मास किती दिवस झाले?

पहिल्या काही दिवसांत वेदना, लाली व झपाट्याने उतरणारी नजर आढळल्यास नेत्रांतर्गत जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात अशा संसर्गाने काही रुग्णांची दृष्टी गेली. येथे तासांना मोल आहे; रुग्ण त्याच दिवशी पाठवावा. सुश्रुताचार्यांनीही उत्तरतंत्राच्या १७ व्या अध्यायात वेधनानंतरचे राग, शोफ, अधिमंथ हे उपद्रव सांगितले आहेत.

वेदनेविना अंधुकता असल्यास जाड कागदास सुईने छिद्र पाडून त्यातून पाहण्यास सांगावे. नजर सुधारली तर बहुधा चष्म्याचा नंबर हे कारण असते. चार ते बारा आठवड्यांच्या सुमारास सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्यास दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज संभवते. प्रमेही रुग्णांत ती अधिक आढळते. काही महिन्यांनी वा वर्षांनी नजर हळूहळू धूसर झाली, तर बहुधा कृत्रिम भिंगामागील पडदा गढुळलेला असतो. हा ‘परत आलेला मोतीबिंदू’ नव्हे. याग लेसरने काही मिनिटांत, छेद न घेता तो मोकळा करता येतो, अंजनाने नाही. मात्र केव्हाही प्रकाशाचे झोत, काळे ठिपके वा पडदा सरकल्याचा भास झाल्यास दृष्टिपटल सुटल्याचे गृहीत धरून तातडीने पाठवावे.

काचबिंदू वा मधुमेहाने दृष्टिपटलाची हानी आधीच झालेली असेल, तर निर्दोष शस्त्रकर्मानंतरही नजर अपुरीच राहते. हे नातेवाइकांना आधीच समजावून सांगितल्यास नंतरचा रोष टळतो.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की जुनी बाटली दाखवून मागितलेले स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने नेत्रदाब वाढून दृष्टिनाडी दुखावते आणि रुग्णास ते उशिरा कळते. आम्हा वैद्यांनीही शस्त्रकर्म झालेल्या ताज्या डोळ्यात मध, त्रिफळा क्वाथ वा अंजन घालू नये.

आमचे कार्यक्षेत्र तरीही मोठे आहे. शिंक, खोकला यांपासून रुग्णास जपण्याचा सुश्रुतोक्त उपदेश आजही ग्राह्य आहे. कास व मलावष्टंभावर उपचार करावेत, प्रमेह आटोक्यात ठेवावा आणि जखम भरेपर्यंत भातलावणीच्या चिखलपाण्यापासून रुग्णास दूर ठेवावे.