विद्युत गिटारच्या पुनर्जोडणीनंतरचा गुणगुणाट : कारणे व निदान

प्रस्तावना : दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही विद्युत गिटार आता अपरिचित राहिलेली नाही. तिच्यातील वायरींची नव्याने जोडणी केल्यानंतर पुष्कळदा सतत गुणगुणाट ऐकू येतो. त्याची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारणे : फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर पिकअप कार्य करतो. त्यातील चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे असतात. हे वेढे वाद्यतारांच्या कंपनांबरोबरच ५० हर्ट्झ वीजपुरवठ्याचे क्षेत्रही टिपतात. परस्परविरुद्ध गुंडाळी व चुंबकध्रुव असलेली दोन वेटोळी जोडून हा दोष घटविणारा ‘हमबकर’ गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये विकसित केला.

निदान : सर्वप्रथम अॅम्प्लिफायरच्या सॉकेटचे अर्थिंग तपासावे. त्यानंतर वाद्यतारांना स्पर्श करावा. आवाज घटल्यास अर्थची जोडणी योग्य, परंतु आतील तांब्याच्या पातळ पत्र्याचे आवरण अपुरे आहे, असे समजावे. आवाज वाढल्यास जॅकवरील दोन वायरींची अदलाबदल संभवते. फरकच न पडल्यास ब्रिजची अर्थ-वायर सुटलेली असू शकते. अशा वेळी केबल काढून ब्रिज व जॅकचा बाह्य भाग यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो जवळजवळ शून्य ओहम असावा.

निष्कर्ष : गुणगुणाट थांबविण्यासाठी प्लगची अर्थ-पिन काढणे सर्वथा वर्ज्य मानावे. कारण अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास २३० व्होल्टचा दाब वाद्यतारांतून थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचू शकतो. आवाजाचा दोष दुरुस्त करता येतो. जीवितहानी भरून येत नाही.